बादलीला तीन लिंबं

प्रिय अंबुमावशी,

हे पत्र तुझी नात सुकन्या तुला वाचून दाखवेल. माझ्या मराठीच्या चुकांवर तिला हसू देऊ नकोस.

मी आता सोलापुरात बॉटनीत एमएस्सी करतेय. परवा सर शिकवत होते, वाढीचं हार्मोन झाडाच्या पेशीत शिरतं कसं, आणि मला आपली वैरागची द्राक्षबागच दिसायला लागली. तू बागेत कामाला यायचीस तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मला डिपिंग शिकवलेलंस. घड औषधाच्या मगात अलगद बुडवायचा, मग हळूच हलवून थेंब झटकायचा. मी फटाफट उरकायला गेले की विचारायचीस, सासरी जायची घाई झाली काय. सगळ्या बाया हसायच्या. मणी फुगवायची ती जीएची पावडर, म्हणजे हेच वाढीचं हार्मोन, टाकायच्या आधी तू बादलीत तीन लिंबं पिळायचीस, बोट बुडवून पाणी चाखायचीस. कशाला, विचारलं तर म्हणालीस, "आंबट लागल्याबिगर मणी पीत न्हाय गं."

मावशी, सर अगदी तेच सांगत होते. पाणी आंबट असलं की हार्मोनला हायड्रोजन चिकटतो आणि ते पेशीच्या पडद्यातून सहज आत जातं. आत आंबटपणा कमी, तिथं तो हायड्रोजन सुटतो, मग हार्मोनला सहज बाहेर पडता येत नाही. आपल्या बोअरचं पाणी मी लॅबमध्ये तपासलं. आंबट कुठलं, उलट अल्कधर्मी निघालं. तुला हे कुणी शिकवलं होतं गं?

बांधावरच्या लिंबाला यंदा लई लिंबं लागलीत. पप्पा इतकी वर्षं तुझं नाव काढत नव्हते, पण तुझा निळा मग अजून खुंटीला आहे.

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. शाळेत अंधश्रद्धेवर लेक्चर झालेलं, आणि लिंबू म्हटलं की मला दारावरचं लिंबू-मिरचीच आठवायचं. त्या दिवशी बादल्या मी भरल्या. तू विचारलंस, "पिळलीस का?" मी हो म्हणाले. तू तेवढ्या एका दिवशी पाणी चाखलं नाहीस. लिंबं माझ्या दप्तरात होती. मणी बारीक राहिले, पप्पा सगळ्यांसमोर म्हणाले अंबूचा हात आता चालत नाही, तू तो निळा मग खुंटीला अडकवून निघून गेलीस, आणि मी तिथंच उभी होते. काल पप्पांना सगळं सांगितलं. रविवारी ते स्वतः तुझ्याकडे येतील. सोमवारी डिपिंग आहे. ये. लिंबं मीच पिळेन, पण मी हो म्हटलं तरी आधी पाणी चाखून बघ.

तुझीच,
प्रियंका