राहणारी माणसे : तीन

२ फेब्रुवारी

आज घर मिळाले. हे वाक्य पुन्हा एकदा लिहावेसे वाटते, पण वही नवी आहे, कागद वाया घालवत नाही.

चौदा महिने आठ जणांच्या खोलीत, वरच्या बंकवर काढले. कुशीवर वळताना खांदा छताला घासायचा. आता चौथ्या मजल्यावर एक बैठकीची खोली, एक निजायची खोली, स्वयंपाकघर, आणि न्हाणीघर आपले स्वतःचे! मी एअर कंडिशनिंगचे पत्र्याचे डक्ट बसवतो, त्यामुळे मोजपट्टी कायम खिशात असते. निजायची खोली तीन मीटर दहा बाय दोन मीटर नव्वद. तीन गाद्या पसरल्या तरी दार पूर्ण उघडते. खिडकीखाली ठकीचे अभ्यासाचे टेबल बसेल. ठकी म्हणजे माझी मुलगी, वय वर्षे सात. लाकडी ठकीसारखी ताठ बसते, म्हणून घरात सगळे तेच म्हणतात.

संध्याकाळी फोनवरून बायकोला सगळ्या खोल्या दाखवल्या. ती म्हणाली, अहो, ओटा केवढा बुटका आहे, कोणासाठी बांधलाय? मग स्वतःच हसली आणि म्हणाली, बुटका तर बुटका, पण माझा. भाड्यासाठी तिने हातातल्या पाटल्या मोडल्या. फोन धरताना मोकळे मनगट पदराखाली लपवत होती. मी पाहिले नाही असे दाखवले.

४ फेब्रुवारी

घर कसे मिळाले ते नीट लिहून ठेवतो.

इथला नियम असा की कुटुंब आणायचा परवाना हवा असेल तर आधी कुटुंबाच्या नावचे घर दाखवा. आणि घर हवे असेल तर आधी कुटुंब दाखवा. एकट्या पुरुषाला असल्या इमारतींत जिनाही चढू देत नाहीत. तीन महिने मी या दारातून त्या दारात चेंडूसारखा उडालो. शेवटी एक एजंट भेटला, आपली भाषा बोलणारा. तो म्हणाला, भाऊ, सरळ लिहून टाका की बायको-मुलगी आल्या, राहतायत. इथे सगळे तेच करतात, तुम्हीच एकटे हरिश्चंद्र का?

शिवाय सहा वर्षांवरच्या मुलाला वेगळी खोली लागते, म्हणजे दुप्पट भाडे. तर पोरीचे वय पाच लिहा. माझा हात थांबला. नववीत शाळा सुटली, पण लिहिण्यातली चूक मी कधी काढू दिली नाही. एजंट म्हणाला, परीक्षेला बसलात का? पोरीला मोजपट्टी लावून कोण बघतंय?

लिहिले. इमारतीच्या फॉर्मवर पासपोर्ट नंबराचा रकाना नव्हता. फक्त नावे, वये, सह्या. राहणारी माणसे : तीन. बायकोची सहीही मीच केली. घरातले सगळे फॉर्म मीच भरतो. ती सहीची शेवटची शेपटी खाली ओढते. माझ्याकडून ती घाईत वर गेली. एजंट म्हणाला, शेपटीला कोण विचारतो.

९ फेब्रुवारी

एजंटच्या सांगण्यावरून बायकी चपलांचा आणि लहान मुलीच्या चपलांचा एकेक जोड आणून दाराबाहेर ठेवला. इमारतीचा केअरटेकर दर महिन्याला घरोघर फिरून माणसे मोजतो. आलाच, तर दोघी बाजारात गेल्यात म्हणायचे. ठकीने आपल्या पावलाची बाह्यरेखा कागदावर काढून पाठवली होती, त्याच मापाच्या घेतल्या. इथे आली की घालेल. दुकानदाराने विचारले, मुलीसाठी का? हो म्हणताना फार बरे वाटले.

परवान्याचा अर्ज दिला.

२७ फेब्रुवारी

मी कामावर असताना केअरटेकर मोजणी करून गेला. जिन्यात भेटला तेव्हा, दोघी बाजारात गेल्यात, हे वाक्य मी ओठांवर तयार ठेवले. पण त्याने वही उघडून दाखवली. माझ्या घरापुढे तीन खुणा. म्हातारा म्हणाला, मुलगी गुणी आहे, दाराआडून बघत होती. बायको बोलत नाही फारशी, पण सही लगेच केली.

एजंटने कोणाला तरी उभे केले असणार. माणूस कामाचा आहे.

१ मार्च

एजंटचे आभार मानले. तो म्हणाला, मी कुणाला पाठवलं नाही बुवा, म्हाताऱ्याला डोळ्यांनी कमी दिसत असेल, तुमचं नशीब समजा. खूप हसला. मीही हसलो.

खाली जाऊन पुन्हा वही पाहिली. सही बायकोच्या नावाची आहे. शेपटी वर गेलेली.

८ मार्च

कामावरून आलो तर स्टूल बेसिनपाशी होते. सकाळी ते खिडकीपाशी होते. मी वस्तू जागच्या जागी ठेवतो. साबण ओला. माझा टॉवेल कोरडा.

कडी-कुलूप तपासले. किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे आहे.

बायकोला सांगितले नाही. तिकडे ती बॅगा भरायला लागली आहे. ठकी म्हणे शाळेत सगळ्यांना सांगते, मी जाणार, मी जाणार, आणि बाईंनी तिला खडसावले की मग जा एकदाची.

१५ मार्च

दाराबाहेरच्या लहान चपला वापरलेल्या दिसतात. टाचेपाशी मळ. उचलून पाहिल्या तर पुढच्या रुंद पट्ट्याखाली कागदाचे बोळे कोंबलेले. मोठ्या होत असल्या की आपण कोंबतो, तसे.

ठकीला त्या मोठ्या होणार नाहीत. माप तिने स्वतः पाठवले होते.

बोळा उलगडला. याच वहीचे शेवटचे कोरे पान आहे.

१६ मार्च, रविवार

दिवसभर घरातच बसलो. काही नाही. दुपारी जेमतेम दहा मिनिटे खाली दूध आणायला गेलो.

परत आलो तर निजायच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीची आडवी रेघ. आपल्या घरी ठकीची उंची आम्ही अशीच नोंदवतो. मोजपट्टी लावली. एकशे सहा सेंटिमीटर. निघताना मी ठकीला मोजले होते, तेव्हाच ती एकशे चौदा होती.

पाच वर्षांचे मूल साधारण एवढे असते.

२० मार्च

परवाना नामंजूर.

परवान्याच्या कचेरीत खिडकीवरच्या बाईने संगणकात पाहिले आणि ती म्हणाली, तुमची बायको आणि मुलगी तर सहा आठवड्यांपासून याच पत्त्यावर आहेत. इमारतीची नोंद आहे, मोजणी आहे, सही आहे. मग आणखी कोणाला आणायचंय, दुसरी बायको आहे का? रांगेतले सगळे हसले. मी म्हणालो, बाई, त्या इथे नाहीत हो, त्या घरी आहेत. ती म्हणाली, हेच तर मी म्हणतेय, घरी आहेत.

बायकोला फोनवर सांगितले. ती म्हणाली, बॅगा भरलेल्या तशाच ठेवते. पाटल्यांचा विषयही काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

२१ मार्च

एजंट म्हणाला, एवढंच ना? आल्या तशा घालवा. स्थलांतराचा फॉर्म भरा, दोघी पत्ता सोडून गेल्या, म्हणजे संगणकातून निघाल्या. मग नवा अर्ज. महिनाभर तुम्हाला कोणी घराबाहेर काढत नाही, तेवढ्यात खऱ्या आणा.

'खऱ्या' हा शब्द त्याने वापरला. मी त्याला काहीच सांगितलेले नाही.

खिडकीवरच्या बाईने दोन फॉर्म दिले, एक चुकला तर दुसरा असावा म्हणून. मी म्हणालो, माझा चुकत नाही. तरी दोन्ही घेतले.

२२ मार्च

स्वयंपाकघरात भांडी विसळल्याचा आवाज. भर सकाळी. मी बैठकीत बसून फॉर्म भरत होतो. उठून पाहिले नाही. बुटक्या ओट्यापाशी कोण आहे ते मला पाहायचे नाही. हा फॉर्म दिला की त्या जातील.

या वेळी एक अक्षर खोटे लिहायचे नाही असे ठरवले होते. पहिल्या खोट्यामुळेच हे सगळे झाले. पासपोर्टच्या प्रती समोर ठेवल्या. नावे पासपोर्टवर आहेत तशी. नंबर तीनदा ताडून पाहिले. मुलीचे वय सात. बायकोची सही पाहून पाहून, सावकाश, शेपटी खाली. तिने स्वतः केली असती तर अशीच झाली असती.

पत्ता सोडून जाणारी माणसे : दोन. जाण्याची तारीख : २४ मार्च. वेळ : सकाळी अकरा.

पत्ता सोडून कुठे जाणार, असाही रकाना होता. तो कोरा ठेवला. काय लिहिणार होतो?

२४ मार्च

फॉर्म दिला. बाईने शिक्का मारला, अकरा वाजता. म्हणाली, अक्षर फार सुरेख आहे तुमचं. एकही खाडाखोड नाही.

संध्याकाळी घरी आलो. चपला दाराबाहेर होत्या. साबण ओला होता.

केअरटेकर म्हणाला, आज तुमची मुलगी पहिल्यांदा हसली.

बायकोला फोन लावला. उचलला नाही. सामान आवरत असेल.

२५ मार्च

आईचा फोन आला. रडत होती. काल दुपारपासून दोघी नाहीत. शेगडीवर दूध उतू जाऊन विझलेले. बायकोच्या चपला दारातच. ठकी शाळेत वर्गात बसलेली होती, बाई फळ्याकडे वळल्या आणि परत पाहिले तर बाकावर नुसते दप्तर. आईने मला विचारले, तुझ्याकडे आल्या का रे? न सांगता आल्या का?

किती वाजता, ते मी विचारले. मला माहीत होते तरी.

आई म्हणाली, साडेबाराच्या सुमारास. म्हणजे इथले अकरा.

त्याच दिवशी, नंतर

पाच वर्षांची मी लिहिली होती. सात वर्षांची मी घालवली. शेपटी वर गेलेली इथे आहे. शेपटी खाली असलेली —

मी चूक करत नाही. मी चूक केली असती तर —

२६ मार्च

खिडकीवर गेलो. म्हणालो, फॉर्म रद्द करा, त्यांना परत लिहा. बाई म्हणाली, गेलेल्या माणसांना परत लिहायला त्यांनी स्वतः यावं लागतं. कुठे गेल्या? इथे तर कोरं आहे.

एजंट फोन उचलत नाही.

२७ मार्च

कामावर गेलो नाही. आत कोणीतरी गुणगुणते. बायको गुणगुणते तसेच, पण अर्ध्यावरच थांबते, पुढचे माहीत नसल्यासारखे. मी लिहिले तेवढेच तिला येत असेल. नाव, वय, सही.

लहान पावले. चपलांत कागद वाजतो.

दुसरा फॉर्म आहे ना माझ्याकडे. या दोघींना घालवायचे. वय पाच, शेपटी वर, आहे तसे खोटे लिहायचे. मग घर रिकामे होईल. मग माझ्या दोघींना जागा होईल. खणात ठेवला होता. खणात नाही.

२८ मार्च

फॉर्म सापडला. बुटक्या ओट्यावर, पुसून कोरड्या केलेल्या जागेत नीट ठेवलेला. भरलेला आहे.

नाव माझे. पासपोर्ट नंबर ताडून पाहिला, बरोबर आहे. वय बरोबर. पत्ता सोडून जाणारी माणसे : एक. पत्ता सोडून कुठे जाणार : कोरे.

सही माझी. मी केलेली नाही. पण मी केली असती तर अशीच —

अक्षर सुरेख आहे. एकही खाडाखोड नाही.

शिक्का आहे. कोणी नेला, कोणी आणला, दार तर —

तारीख आजची. वेळ संध्याकाळी सहा. घड्याळात पाच अठ्ठावन्न. पाच एकोणसाठ. चपला बैठकीपर्यंत आल्या, कागद वाजतोय, ठकी, तू असशील तर बाळा एकदा ताठ बसून दा