वॉर्निशखालची रेघ

प्रिय भिंगरी,

तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात मधेच तोंड घालता येत नाही.

माझ्या गुडघ्यांची काळजी सोड. डॉक्टरांनी छपाईच्या मशीनपाशी उभं राहणं बंद केलंय, म्हणून स्टुलावर बसून ओरडतो. ओरडायला गुडघे लागत नाहीत.

तू आपल्या प्रेसमध्ये तुझी शाई छापून बघायला आली होतीस, ते सारखं आठवतं. चांदीची शाई, छापलेल्या रेघेतून वीज वाहणार, म्हणालीस. तुझा मामा डबा हलवत म्हणाला, "शाई आहे की सोनाराचं दुकान?" पातळ प्लास्टिकवर रेघा उठल्या सुरेख, पण दुमडल्या की तडकायच्या आणि रेघेला तारांनी जोडलेला छोटा दिवा विझायचा. तू वैतागून जेवायला गेलीस, तेवढ्यात मामानं सवयीनं सगळ्या शीटांवर वॉर्निशचा हात मारला. आपल्याकडून कुठलंच काम त्याशिवाय बाहेर जात नाही ना! तू येऊन तारा टेकवल्यास, दिवा ढिम्म. मामाचा चेहरा पडला. म्हटलं, आता ही त्याला फाडून खाणार. तू मात्र रेघेच्या दोन्ही टोकांवरचं वॉर्निश नखानं खरवडलंस आणि तिथे तारा टेकवल्यास. दिवा लागला. शीट दुमडलीस, तरी लागलेलाच! पुन्हा दुमडलीस, पुन्हा. "मामा, रेघेला पांघरूण घातलंस की रे!" म्हणालीस आणि त्याला शेजारी बसवून वॉर्निश किती, कसं, विचारत राहिलीस. मामा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो, शोध आम्ही दोघांनी लावला. मी लोकांच्या चुका पकडून धंदा उभा केला. चुकीतून काम काढणं तुला जमतं. शेफारशील म्हणून तोंडावर कधी बोललो नाही. आता खुशाल शेफार.

आज म्हणालीस, "बाबा, ठरलं. नोकरी सोडते आणि येऊन प्रेस सांभाळते." आवाज ठाम होता. पण मागे प्रयोगशाळेतलं तुझं शाई घोटायचं यंत्र घरघरत होतं. मधेच त्याचा सूर बदलला आणि तू वाक्य अर्धवट टाकलंस. सूर जागेवर आला, तेव्हा पुढचं बोललीस. अगं, काम सोडायला निघालेल्या माणसाचे कान यंत्राकडे नसतात! प्रेस मामा बघेल, मी मागेच विचारलंय त्याला. खिडकीजवळचं मशीन तुझ्या शाईसाठी मोकळं ठेवलंय. येशील तेव्हा शाईचा डबा घेऊन ये. बाडबिस्तरा आणलास तर दारातूनच परत पाठवीन.

तुझाच,
स्टुलावरचा बाबा