घरातील वातावरण : उत्तम

प्रिय दाजी,

पत्राची सुरुवात 'प्रिय'ने करायची असं शाळेत शिकवलं होतं. शाळेतलं माझ्या डोक्यात तेवढंच शिल्लक आहे म्हणून लिहिलं, त्यावरून चढून जाऊ नका. आधी तुम्हाला अरे-तुरे करून चार ओळी लिहून बघितल्या, पण हात वळेना. ताईच्या लग्नापासून अहो-जाहोची सवय लागलीय, ती माणसाची लायकी बघून सुटत नाही. तेव्हा तुमचा पूर्ण मान राखून सांगतो, तुमचं तोंड बघायची माझी इच्छा नाही.

हॉस्पिटलमधून तुम्ही पाठवलेलं पाकीट मिळालं. आत घरच्यांच्या अभिप्रायाचा फॉर्म आणि त्याला टाचलेली तुमची चिठ्ठी. तुम्ही लिहिता, वीस तारखेला मेडिकल बोर्ड बसणार, मागच्यासारखाच भरून पाठवा, म्हणजे मला घरी सोडतील आणि पुढच्या महिन्यात युनिटला परत घेतील. मागच्यासारखाच! हे लिहिताना तुमचं पेन जरासुद्धा अडखळलं नाही? अक्षर तर असं सरळ, जसं काही प्रत्येक अक्षराला सावधान करून उभं केलंय.

मागचा फॉर्म भरून काय झालं ते मीच सांगतो, कारण तुमच्या चिठ्ठीत ते कुठे दिसलं नाही. तुम्ही ठणठणीत ठरलात, युनिटला गेलात, आणि महिनाभरात स्वयंपाक्यावर बंदूक रोखलीत. का, तर तो बिचारा मागून चहा घेऊन आला. त्याच्या हातातला पेला खाली पडला आणि तो तिथेच खाली बसला, असं तुमच्या साहेबांनी ताईला फोनवर सांगितलं. नशीब, कुणीतरी तुमचा हात वर उचलला. तो माणूस मेला असता तर त्यात थोडा मीपण असतो, दाजी. फॉर्म माझ्या हातचा होता.

इथलं म्हणाल तर बोअरच्या गाडीवरून आठ दिवसांची सुट्टी घेऊन आलो होतो, त्याला आता अडीच महिने झाले. मालक फोनवर म्हणाला, याला सुट्टी म्हणत नाहीत, पळून जाणं म्हणतात. एका जागी अडीच महिने मी जन्मात राहिलेलो नाही, पायाला मुंग्या येतात. गाडीवर कसं बरं असतं! आज इथे भोक पाडायचं, पाणी लागलं तर लोक नाचतात, नाही लागलं तर मालकाची गचांडी धरतात, आपण कानात बोळे घालून उद्या दुसऱ्या गावाला. मागे एका बाईने स्वतःच्या हाताने जागा दाखवली, तीनशे फुटांपर्यंत नुसता पांढरा भुगा निघाला, तर मला म्हणते, तुझा पायगुण वाईट. मी म्हटलं, मावशी, पाय कशाला, भोक तर मशीनने... जाऊ दे. कुठे चाललो मी. आबांचं सांगायचं होतं.

तुमचे वडील उजव्या अंगाने अजून लुळेच आहेत. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठ सोलून निघते. ताई काखेत धरते, मी गुडघ्यांखाली. मला ते शिव्या घालतात, पण तोंड निम्मंच चालतं, त्यामुळे शिवी निम्मीच कळते आणि उरलेली मला मनाने भरून घ्यावी लागते. काल एक वाक्य मात्र अख्खं आलं. म्हणाले, हळू रे, मी काय लोखंडी पाईप आहे? ताई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून तुम्हाला कळवतोय, नाहीतर तुम्हाला काय त्याचं. तिने शिलाई मशीन आबांच्या खाटेला लावून घेतलंय. शाळेच्या गणवेशांच्या बाह्या शिवते. वीस बाह्या झाल्या की उठायचं, कूस बदलायची, हे तिचं घड्याळ. उजवं मनगट पुरतं वळत नाही, कापड तळहाताने ढकलते. तिला एकटीला आबा उचलवत नाहीत, म्हणून तिला तुम्ही घरी हवे आहात. तुमच्या प्रेमाने नाही. निदान मी तरी तसंच धरून चालतो.

आता त्या मनगटाचं. ताई सगळ्यांना न्हाणीघरात घसरले म्हणून सांगते. तुम्ही बाजूला उभे राहून मान हलवायचात, तेव्हा मला वाटायचं बोअरचा हातोडा घ्यावा आणि... नाही घेतला.

तुमची ती रोजची हजेरी! संध्याकाळी सात वाजले की दारं लावायची, सगळ्यांनी पुढच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, तुम्ही नाव घेतलं की 'हजर'. तुमची चार वर्षांची चिंगी, हाताला पीठ लागलेली ताई, खाटेवरून आबा. आबांचं 'हजर' नीट येत नव्हतं, तर तुम्ही त्यांना परत म्हणायला लावलंत, तीनदा, स्वतःच्या बापाला. मी सुट्टीवर आलो आणि पहिल्याच दिवशी मलाही उभं केलंत. मला हसू आलं. चिंगीलाही तो खेळच वाटायचा. तिसऱ्या दिवशी तुम्ही तिचं नाव घेतलंत आणि उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा घेतलंत तेव्हा तुमचा आवाज तुमचा नव्हता. मग तुम्ही गाद्या उलट्या केल्यात, भांड्यांची फळी पाडलीत, ताई आडवी आली तर तिचा हात धरून असा पिरगाळलात की आवाज मला दारापाशी ऐकू आला. चिंगी कपाटात होती. कपड्यांच्या मागे, तोंडावर हात दाबून, हसू आवरत. बाहेर आली तेव्हा हसत नव्हती.

तिला लपायला मी सांगितलं होतं. म्हटलं, बाबांची गंमत करू. हे आजवर कुणाला बोललो नाही. चिंगीनेही माझं नाव सांगितलं नाही, एवढीशी पोर माझ्यापेक्षा पक्की निघाली. तुम्ही लगेच खूश होऊ नका. मी मूर्खपणा केला, पण हाड तुम्ही मोडलंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण गच्चीवर टाकी धुवायला गेलो होतो. तुम्ही टाकीत उतरला होतात, फक्त डोकं दिसत होतं. तिथून तुम्ही बोललात. पोस्टवर तो हल्ला झाला त्या सकाळी हजेरी तुम्ही घेतलीत, चार जणांनी उत्तर दिलं नाही. तुम्हाला ठाऊक होतं ते कुठे पडलेत, तरी चौघांची नावं परत घेतलीत, कारण यादी पूर्ण करायची असते. एवढं बोलून तुम्ही ब्रश मागितलात. मी दिला. तुमचा राग करणं त्या दिवसापासून मला फार कठीण जातं, आणि त्याचाही मला राग येतो.

आठवड्याने, तुमची आजारपणाची सुट्टी संपत आली तेव्हा, तो पहिला फॉर्म आला. ताईचा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून लिहायला मी. तुम्ही खोलीत येरझाऱ्या घालत सांगत होतात. झोप : चांगली. राग : नाही. घरातील वातावरण : उत्तम. 'उत्तम'वर मी थांबलो तर तुम्ही म्हणालात, मेव्हणे, स्पेलिंग अडलं का? ताई म्हणाली, लिही रे, घरचं बाहेर कशाला? तिला ते प्रगतीपुस्तक वाटलं, नवऱ्याला कमी मार्क कसे द्यायचे! मी लिहिलं. तिने डाव्या हाताने सही केली, चिंगीने काढल्यासारखी. आणि एवढ्या हुशार डॉक्टरांपैकी एकाने विचारलं नाही की सही अशी का.

तर पत्राचं कारण. दुसरा फॉर्म काल पोस्टात टाकला. तो मागच्यासारखा नाही. झोप : बसून, दाराकडे तोंड करून. राग : आहे. पत्नीला इजा : होय. हजेरीचं लिहिलंय, कपाटाचं माझ्या नावासकट लिहिलंय, आणि टाकीतून तुम्ही जे बोललात तेही, कारण ते तुम्ही डॉक्टरांना सांगितलेलं नसणार याची मला खात्री आहे. यावरून बोर्ड तुम्हाला युनिटला कधीच पाठवणार नाही, असंही होईल. तुम्ही मला आयुष्यभर शिव्या द्याल, द्या, आबांमुळे सवय झालीय. ते पूर्ण बरे होईपर्यंत किंवा तुम्ही होईपर्यंत, जे आधी होईल तोवर, मी इथेच आहे. मालकाला तसं कळवलंय. ताईला सगळं वाचून दाखवलं. कपाटाचं आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, पुढे वाच. शेवटचा प्रश्न होता, रुग्णाला घरी नेण्यास तयार आहात का. मी 'नाही' लिहिलं होतं. तिने पेन मागितलं, सही केली, या वेळी उजव्या हाताने, आणि मग सहीच्या वरच्या त्या 'नाही'च्या आधी 'अजून' असं घातलं. मी तिच्या जागी असतो तर घातलं नसतं. पण तुम्ही नवरा तिचे आहात.

तुमचाच, नाइलाजाने,
मेव्हणा