डाव्या गालाचा तिसरा दिवस

आई,

तू यायच्या आत निघतोय, कारण तुझ्यासमोर खरं सांगताना माझी दातखीळ बसते. गालावरच्या डागाला लेझर करून घेतलंय, त्वचेच्या डॉक्टरांकडून, रीतसर. तीन दिवस मफलर गुंडाळून सर्दीचं नाटक केलं ते यासाठीच. आता खपल्या सुटतायत. त्या सुटणारच, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलंय, त्यामुळे उशीवर काही दिसलं तर किंचाळू नकोस.

खाजवायचं नाही म्हणून सकाळपासून हात खिशात घालून घरात येरझाऱ्या घालतोय. शेवटी खालच्या काकू विचारून गेल्या, वर घोडा पाळलाय का?

तपासणीला चाललोय, सहापर्यंत येतो. हळद किंवा साय घेऊन दारात उभी राहू नकोस, दोन्हीला बंदी आहे.

डाग फिका होईल, पूर्ण जाणार नाही म्हणे. चालेल. माझं त्याच्याशी भांडण नाहीच, वीस वर्षं बिचारा निमूट राहतोय. पण तुझ्या हातून ते उकळतं पाणी सांडलं, तेव्हापासून तू फक्त माझ्या उजव्या गालाशी बोलतेस.

आज आलो की डाव्यालाही जरा रागाव.