कठड्यापाशी कोण उभं आहे

६ जानेवारी

प्रिय वन्संस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी वाचून दाखवलं आणि हेही त्याच लिहून घेतायत. तेव्हा शुद्धलेखन चुकलं तर ते त्यांचं आणि डोकं चुकलं तर ते माझं. तुम्ही वर्तमानपत्रात मुद्रितं तपासता हे कळल्यापासून बिचारीचा हातच उचलत नाहीये. मी म्हटलं, घाबरू नका, आमच्या वन्सं फ्रॉकात होत्या तेव्हापासून मी त्यांना अहोजाहो करते, पण त्या चावत नाहीत.

मी बरी आहे. यांचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन ठेवले. दुकानांच्या पाट्या रंगवायला आता हे थोडेच येणार, पण ते तसेच कडक होऊन पडलेले हाताला लागायचे, ते सोसवेना.

एक काम आहे. बोटीच्या धक्क्यावर चहाचं दुकान चालवणाऱ्या बाईची ती आमची जुनी मालिका तुम्हाला ठाऊक आहेच. दर हिवाळ्यात आम्ही ती पहिल्यापासून पुन्हा लावायचो आणि तुम्ही हसायचात. माझे डोळे गेल्यापासून मी ऐकायचे आणि हे सांगायचे. माणसं बोलत असली की मला कुणी लागत नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, नुसत्या आवाजावरून कोण काय लपवतंय ते कळतं. पण त्या मालिकेत माणसं गप्पच फार बसतात. बोट येईपर्यंत नुसतं पाणी. तेव्हा हे सांगायचे, कोण कुठे उभं आहे, कुणाच्या अंगावर कुठला रंग आहे.

यंदा मधेच यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि पुढचे भाग राहिले ते राहिलेच. तुमच्या मोबाईलवर ती मालिका दिसते म्हणालात, तर तेवढं बघून गप्प जागांचं मला लिहाल का? सगळं नाही लिहिलंत तरी चालेल. बोटीवर कठड्यापाशी ती मुलगी उभी असते ना, तिचं मात्र लिहाच. यंदा तिला नोकरी लागली होती आणि ती पलीकडच्या काठाला निघाली होती. ती पोचली का, एवढं कळलं की मला पुरे.

माया करता तशीच करत राहा.

तुमची
वहिनी


१४ जानेवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

शिंपीणबाईंना सांग, आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांपेक्षा त्या कितीतरी शुद्ध लिहितात. हवं तर शिफारस करते.

तुझं काम केलं. रविवारी पाय पसरून बसले आणि उरलेले भाग एका बैठकीत पाहिले. चहावाली बाई शेवटच्या भागात कप पुसतेय, पुसून झालेलाच पुन्हा पुसतेय. तिकीटवाला टोपी नाकावर ओढून झोपलाय. तिचा भाऊ बोटीतून उतरतो तेव्हा दोघं काहीच बोलत नाहीत, ती फक्त त्याच्यासमोर चहा ठेवते आणि तो ताटकळल्यासारखा उभाच राहतो. मला तिथे दादा आठवला. त्यालाही कधी बस म्हटल्याशिवाय बसता यायचं नाही.

पण वहिनी, तुझी ती मुलगी कुठे दिसली नाही बुवा. कठड्यापाशी एक म्हातारा आहे, दोन पोती आहेत आणि एक सायकल आहे. मागे नेऊन नेऊन पाहिलं, आधीचे भागही चाळले. चुका शोधायचाच पगार घेते मी, माझ्या नजरेतून सुटायची नाही. एक तर तू दुसऱ्याच कुठल्या सिनेमाशी गल्लत करतेयस, नाहीतर दादाने तुला चक्क शेंडी लावली. थापा मारण्यात तो पहिल्यापासून पटाईत. लहानपणी मला सांगायचा, चंद्र मीच रंगवलाय, म्हणून कडेला जरा पोपडे आलेत. आणि मी शाळेत जाऊन ते सगळ्यांना सांगून आले होते!

हे लिहिताना हसू आलं आणि मग एकदम भडभडून आलं. तो नाही हे मला अजून पटत नाही. तू जेवत जा वेळेवर.

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.

तुझी
वन्सं


२२ जानेवारी

प्रिय वन्संस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुम्ही एवढा वेळ काढलात, मन भरून आलं. पण वन्सं, ती मुलगी मालिकेत नाही हे मला ठाऊक आहे. डोळे धड होते तेव्हा मी ती मालिका अख्खी पाहिलेली आहे.

डोळे गेले त्या हिवाळ्यात यांनी ती पुन्हा लावली आणि मला सांगायला बसले. बोट निघाली, सगळे गप्प झाले, आणि हे म्हणाले की कठड्यापाशी एक मुलगी उभी आहे, पाठीवर दप्तर आहे, केसांना पिवळी रिबन आहे. मी म्हणणारच होते की अहो, काहीतरीच काय, तिथे कुणी नसतं. पण मनात हिशेब झाला आणि शब्द ओठावरच राहिला. आपली ढब्बू असती तर त्या वर्षी तिसरीत असती.

तुम्हाला काय सांगायचं? चार वर्षांचीही झाली नव्हती पोर. तापाचं निमित्त झालं आणि गेली. त्यानंतर या घरात तिचं नाव निघालं नाही. हे काढत नाहीत म्हणून मी काढलं नाही, मी काढत नाही म्हणून यांनी काढलं नाही. पण दर हिवाळ्यात ती त्या कठड्यापाशी असायची, मागच्या वर्षीपेक्षा मोठी. वेण्या गेल्या, चष्मा आला. एकदा मैत्रिणीशी भांडून एकटीच उभी होती, तेव्हा यांनी दिवसभर ब्रशला हात लावला नाही. मी एवढंच विचारायचे की आज काय घातलंय तिने. जास्त विचारलं असतं तर ती उठून गेली असती, अशी भीती वाटायची.

आता हे गेले आणि तिलाही घेऊन गेले. आईवर लेकराला दोनदा घालवायची पाळी येऊ नये हो. शिंपीणबाई डोळे पुसतायत, अक्षर हललं असेल तर समजून घ्या.

तुम्हाला खोटं लिहा असं कोणत्या तोंडाने सांगू? तरी पण एकदा पुन्हा बघा. ती पोचली का, हे मला सांगणारं आता दुसरं कुणी उरलं नाही.

तुमचाच आधार आहे, तो असू द्या.

तुमची
वहिनी


३ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

मी काय लिहून बसले गं! माझ्या जिभेला हाड नाही हे तू नेहमी म्हणायचीस, लेखणीलाही नाही. दादाला थापाड्या म्हटलं मी. आणि तो काय करत होता!

पुन्हा पाहिलं. नोकरीला निघालेली मुलगी उभी करायचा पुष्कळ प्रयत्न केला. तिला पर्स दिली, छत्री दिली, पण ती कापडाच्या दुकानातल्या बाहुलीसारखी दिसायला लागली. दादाला जमलं ते मला नाही जमत. मी ढब्बूला मोठी झालेली पाहिलेलीच नाही. मला दिसते ती एवढीशीच. तेव्हा दिसलं तेच लिहिते, चूक वाटली तर दुरुस्त कर.

बोट काठाला येतेय. कठड्यापाशी एक बाई आहे आणि तिच्या कडेवर ढब्बू आहे. एका पायात मोजा आहे, दुसरा नेहमीसारखा कुठेतरी काढून फेकलाय. गालावर दादाच्या पाट्यांचा हिरवा रंग लागलाय आणि ती तो पुसू देत नाहीये. पाण्याला, पोत्यांना, त्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना हात हलवून बोलावतेय. तेवढ्यात भोंगा वाजतो. ती काय करायची आठवतं ना? मोठा आवाज झाला की स्वतःचे कान सोडून, जिने उचललं असेल तिचे कान दोन्ही हातांनी दाबायची. तेच करतेय. हात चिकट आहेत. मग डोकं त्या बाईच्या खांद्यावर टाकते. झोप आलीय तिला.

बोट लागली. ती पोचली, वहिनी.

जे लिहिलं त्याचा त्रास झाला तर मला माफ कर, पण दूर लोटू नकोस.

तुझी
वन्सं


१२ फेब्रुवारी

प्रिय वन्संस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

दुरुस्ती काही नाही.

मोजा मी विसरले होते. रंग विसरले नव्हते, पण तो हिरवा होता हे विसरले होते. तुमचं पत्र शिंपीणबाईंनी वाचलं, मी पुन्हा वाचायला लावलं, मग त्यांना म्हटलं की तो भाग लावा. मी खुर्ची पुढे ओढून बसले. भोंगा वाजला. माझ्या कानांवर कुणी हात ठेवले नाहीत.

मग मी रडले, वन्सं. शिंपीणबाई म्हणतात रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. बघू देत. तेव्हा रडायचं राहून गेलं होतं. हे तिला दरवर्षी मोठी करत गेले. यांची मुलगी उंच होती, शहाणी होती, कपडे परीटघडीचे. तिला कडेवर घ्यावं लागत नव्हतं. मला वाटायचं हे सगळं माझ्यासाठी चाललंय. आता वाटतं, त्या एवढ्याशा पोरीकडे बघायची यांची हिंमत होत नव्हती, आणि माझीही नव्हती. नोकरीला निघालेल्या मुलीसाठी कुठली आई रडते? मी तिची वाट बघत बसले.

ती पोचली असं तुम्ही लिहिलंत, ते माझ्यावरच्या मायेने लिहिलंत. पण ती कुठे निघालीच नव्हती. ती त्या तापातच गेली, माझ्या मांडीवर. आमची ढब्बू गेली. एवढे शब्द माझ्या तोंडून आजवर कधी निघाले नव्हते. शिंपीणबाई इथे थबकल्या, मला विचारलं की हे लिहू का. मी म्हटलं, लिहा. ठळक लिहा.

यापुढे तिच्याविषयी जे जे आठवेल ते लिहीत जा. लहानपणीचंच.

जीव लावलात, तसाच लावत राहा.

तुमची वहिनी,
ढब्बूची आई