आधी राजा, मग हत्ती

प्रिय पप्पा,

तर फोनवर मी "हरले, पण ठीक आहे" एवढंच म्हटलं. खरं तर मी जिंकत होते. राजा-हत्ती एकाच चालीत हलवून कॅसलिंग करताना आपण घरी करतो तसा आधी हत्ती उचलला. समोर खेळणारी नारे नावाची मुलगी लगेच ओरडली, "हात लावलास ना? आता हत्तीच हलव!"

पंच म्हणाले, "पोरी, आधी राजा उचलायचा असतो. कोणी शिकवलं तुला?"

मी हत्ती हलवला. राजा मधेच अडकला, डाव गेला, आर्मेनियाच्या ज्युनिअर टीममधली जागाही गेली.

इथे येरेवानला मी नीट जेवतेय. ममाचा खोकला कसाय?

तुमचीच,
अस्तघिक

ता.क. पप्पा, आपल्या ग्युमरीच्या बुद्धिबळ क्लबातली सगळी पोरं तुमच्याकडेच शिकतात. तुम्हाला हा नियम माहीतच नव्हता, की घरी चालतं म्हणून सोडून दिलात?