वर्ग चालू आहे

२ मे, पहाटे ५
उठलो.

२ मे, सकाळी ९.१०
पुन्हा उठलो. पहाटे उठायचा सराव झाला, हे महत्त्वाचं.

आजपासून रोजनिशी. मुलाखत २० तारखेला, साडेदहा वाजता. पद: गणित शिक्षक, पाचवी ते सातवी. आधीच्या दोन शाळांनी मला घेतलं नाही, त्यात नुकसान त्यांचंच. पहिल्या वेळी मी नवीन होतो. दुसऱ्या वेळी पॅनेल नवीन होतं.

ताईने फोनवर निक्षून सांगितलंय की ही शेवटची. नाही जमलं तर सामान बांधायचं आणि भाऊजींच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं. भाऊजींचं म्हणणं, दुकानातही गिऱ्हाइकाला समजावूनच सांगावं लागतं. मी वाद घातला नाही. टाइल कधी हात वर करून शंका विचारत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

३ मे
कपाटाच्या दारावर खडू छान उमटतो. फळ्याचा प्रश्न मिटला.

डेमोसाठी पाठ ठरवला: अपूर्णांकांची बेरीज. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. पुठ्ठ्याची वर्तुळं कापली. अंगठाही थोडा कापला.

संपूर्ण पाठ शब्दशः लिहून काढला, मुलांच्या उत्तरांसकट. प्रश्न विचारणे, तीन सेकंद थांबणे, 'शाब्बास!' म्हणणे. एकूण चौदा शाब्बास. प्रोत्साहनाशिवाय शिक्षण नाही, असं बी.एड.ला तीन मार्कांसाठी पाठ केलं होतं. आता उपयोगी पडतंय.

५ मे
वर्गात पंचवीस मुलं आहेत असं धरलंय. खिडकीपाशी एक चुणचुणीत मुलगी. मागे, उशी ठेवली आहे तिथे, एक ढिम्म मुलगा. त्याच्यावर विशेष लक्ष देतोय.

चौथ्या शाब्बासला दार वाजलं. घरमालकीणकाकू. खोलीत शिकवण्या घ्यायच्या नाहीत असं ठरलं होतं, म्हणाल्या. आत आल्या, दाराआड पाहिलं, वाकून कॉटखालीही पाहिलं. तिथे फक्त माझी सुटकेस. मग त्यांनी विचारलं, इतका वेळ बोलत कुणाशी होतात? मी म्हणालो, वर्गाशी.

संध्याकाळी त्यांनी फळं चिरून बशी वर पाठवली. माझ्या शिकवण्याची छाप पडलेली दिसते.

८ मे
काकूंची नातवंडं सुट्टीला आली आहेत. थोरली अकराची, धाकटा आठचा. काकू म्हणाल्या, दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, त्यांच्यावर करा की सराव.

कल्पना चांगली, पण शास्त्रीय नाही. पाठ अजून कच्चा आहे. शिवाय नातवंडांना त्यांची उत्तरं माहीत नाहीत. मध्येच भलतंच काही बोलली तर माझी गाडी तिथेच अडायची. पाठ पक्का झाला की बोलावतो, असं गोड बोलून सांगितलं.

१० मे
जिन्यावर खुसखुस. पाठाच्या ऐन मध्यावर. सहाव्या शाब्बासला कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या वर्गाची शिस्त कौतुकास्पद, कुणी हूं की चूं केलं नाही. बाहेरच्यांचं काय करायचं? काकूंकडे तक्रार नोंदवली.

दारावर पाटी लावली: 'वर्ग चालू आहे. आवाज करू नये.' अक्षर सुरेख आलंय.

११ मे
आज प्रयोग म्हणून दिवसभराचं बोलणं मोजलं. पाठ तीन वेळा, म्हणजे अंदाजे सात हजार शब्द. दुसऱ्या माणसाशी: सहा. 'एक डझन खडू द्या' आणि 'पिशवी नको'.

आवाजाची फेक मात्र सुधारली आहे. दुकानदार दचकला.

१३ मे
पॅनेल 'तुमचा एखादा दोष सांगा' असं विचारतंच. तीन दिवस शोधतोय, सापडत नाही. (हाच दोष म्हणून सांगता येईल.)

ताईचा फोन. जेवतोस ना, कुणाशी बोलतोस का, वगैरे. म्हटलं, दिवसभर बोलतच असतो. खोटं नाही. ती म्हणाली, तुझा आवाज बसलाय रे. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तो हातातच धरून बसलो. बॅटरी किती आहे ते बघत होतो.

१५ मे
जिन्याचा त्रास वाढलाय. मी प्रश्न विचारला की लगेच कुजबूज. शिवाय दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवलेल्या माझ्या डब्यातून दोन खडू गायब. काकूंकडे तक्रार नोंदवली. दुसऱ्यांदा. पायऱ्यांवर खडूने गिरगटतात, तेही सांगितलं. काकू म्हणाल्या, बघते. मग पुन्हा तेच: मुलांना बोलावणार होतात ना? म्हटलं, वीस तारीख होऊन जाऊ द्या.

१७ मे, रविवार
वर्गाला सुट्टी दिली.

दुपारी ३
सुट्टी रद्द केली. कुणी कुरकुर केली नाही. पोरं गुणी आहेत.

खिडकीपाशीच्या मुलीला आज जास्त प्रश्न विचारले. पाठ संपला की ही खोली एकाएकी मोठी होते, मला ते आवडत नाही. म्हणून पाठ आणखी दोनदा घेतला.

१९ मे
पाठ बरोबर अठरा मिनिटं. एकही सेकंद इकडचा तिकडे नाही. शर्टाला इस्त्री केली. भाऊजींना द्यायचा नम्र नकार तोंडपाठ केला. तोही चांगला बसलाय.

२० मे, दुपारी २
ठीक झालं.

२० मे, संध्याकाळी ६
जरा सविस्तर लिहितो.

सुट्टीतल्या शिबिराला आलेली एकोणीस मुलं बसवली होती. पंचवीस नव्हे, तयारीत फरक पडतो. शिवाय ती हलतात. हे मी धरलंच नव्हतं.

पहिला प्रश्न विचारला. गुडघ्याला पट्टी बांधलेला एक मुलगा म्हणाला, दोन छेद पाच. म्हणजे वरचे वर आणि खालचे खाली मिळवले. तेवढ्यात तीन सेकंद झाले होते. म्हणालो, शाब्बास! सगळ्या वर्गाने वहीत दोन छेद पाच लिहून घेतलं.

मग एका मुलीने हात वर केला. खरा हात. सर, दोन छेद पाच तर अर्ध्याहून कमी आहेत, मग अर्ध्यात अजून मिळवल्यावर कमी कसं झालं? इतका सुंदर प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तो माझ्या कागदावर नव्हता. तीन सेकंद थांबलो आणि म्हणालो, शाब्बास.

पुढचा प्रश्न खिडकीपाशीच्या मुलीला विचारला. खिडकीपाशी पाण्याचा कूलर होता. मुलं खूप हसली. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी शेवटी एकच विचारलं: बी.एड. झाल्यानंतर मुलांना शिकवलंय कधी? मी म्हणालो, रोज तीन वेळा.

२१ मे
ईमेल आलं. 'तयारी परिश्रमपूर्वक केलेली दिसते. मुलांची उत्तरं ऐकायची सवय व्हावी.' खाली शुभेच्छा.

ताईला कळवलं. ती रागवेल असं वाटलं होतं, पण नाही रागावली. शनिवारी भाऊजींचा टेम्पो इकडून रिकामाच परत येणार आहे, त्यात सामान टाक, एवढंच म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं. मलाही, थोडं. मी इथे फार एकटा होतो. हे आजवर लिहिलं नव्हतं.

२२ मे
एक दिवस हातात आहे. सकाळी दाढी करून, वर्तुळं घेऊन काकूंकडे गेलो. म्हटलं, पाठ अजून कच्चाच आहे, पण मुलांना पाठवा.

मुलं काल गेली.

काकूंनी चहा टाकला आणि सांगत बसल्या. दोघं रोज माझ्या दाराबाहेर पायरीवर बसायची. मोबाइल खाली ठेवून. मी प्रश्न विचारला की थोरली हळूच उत्तर द्यायची. आतून शाब्बास आलं की धाकटा तिला विचारायचा, हे कुणाला म्हणाले? ती सांगायची, मला.

मला आधी का नाही सांगितलंत, असं मी जरा जोरातच विचारलं. काकू म्हणाल्या, पोरं भीत होती. पाटी लावली होतीत ना, आवाज करू नये.

वर आलो. माझ्या दारापासून तिसऱ्या पायरीवर खडूने दोन वर्तुळं काढलेली. एकाचे दोन भाग, एकाचे तीन. खाली दोन्हींचे सहा सहा भाग करून पुन्हा काढलेली. त्याखाली पाच छेद सहा. रोज याच पायरीवरून उतरत होतो.

मागोमाग काकू बादली आणि फडकं घेऊन आल्या. दुपारी नवा भाडेकरू खोली बघायला येणार आहे. म्हटलं, एवढी एक पायरी राहू द्या. त्या म्हणाल्या, अहो, दोनदा तक्रार तुम्हीच केलीत.

फडकं त्यांच्या हातून घेतलं. डब्यात एक खडू उरला होता. पाच छेद सहाच्या शेजारी बरोबरची खूण केली आणि शाब्बास असं लिहिलं. मग पायरी पुसली.